४१ की ४६? अमेरिकन अध्यक्षांच्या ‘ॲप्रूव्हल’चे आकडे कसे वाचावेत

माझी भाची न्यू जर्सीत, एडिसनला राहते. गेल्या वर्षी तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, मतदार म्हणून नाव लागलं, आणि तेव्हापासून ती राजकीय बातम्या बारकाईने वाचायला लागली. परवा तिने विचारलं, “मावशी, एकाच आठवड्यात एक सर्व्हे म्हणतो अध्यक्षांचं काम ४१ टक्के लोकांना पसंत आहे, दुसरा म्हणतो ४६. दोघांनी हजार-दीड हजार लोकांनाच विचारलंय. चौतीस कोटींच्या देशाचं मत एवढ्यावरून कळतं? की आकडे आधीच ठरलेले असतात? तू हेच काम करतेस ना, मग किती विश्वास ठेवू ते सांग.”

गेली वीस वर्षं मी पुण्यात बसून अमेरिकन सर्वेक्षणांचा डेटा तपासते, साफ करते आणि त्याला वेटिंग लावते, म्हणजे उत्तरांना कमी-जास्त वजन देते. अध्यक्षांचं काम पसंत असणाऱ्यांच्या या टक्केवारीलाच ‘ॲप्रूव्हल’ म्हणतात. तेच माझं काम, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुझी पहिली शंका. हजार माणसं पुरतात. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेलं केवढं आहे यावर अवलंबून नसते. चार माणसांचा भात असो की लग्नाच्या पंगतीचा, तपासायला शितं तेवढीच लागतात. अट एकच, ती सगळीकडून उचललेली हवीत. हजार लोक खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे निवडले, तर आकडा साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होतो. देश चौतीस कोटींचा असला काय आणि चौतीस लाखांचा असला काय, हा ३ टक्क्यांचा हिशेब बदलत नाही. संख्या वाढवूनही फार काही साधत नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या अमेरिकन साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकले. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप या सर्वेक्षणकारांनी त्याच्या कितीतरी पट लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या होत्या, आणि पत्रिका परत पाठवण्याची तसदीही रूझवेल्टवर चिडलेल्यांनीच जास्त घेतली. वीस लाख शितं, पण एकाच कडेची.

आजची खरी अडचण याच जातीची आहे. माणसं उत्तरच देत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने स्वतःच्या टेलिफोन सर्वेक्षणांचा प्रतिसाद जाहीर केला आहे: १९९७ मध्ये ३६ टक्के, २०१२ मध्ये ९, आणि २०१८ मध्ये ६. म्हणजे शंभर नंबर फिरवले तर सहाजण पूर्ण बोलले. बातमीच्या तळाशी छापलेला ‘अधिक-उणे ३ टक्के’ हा आकडा फक्त चिठ्ठी टाकण्यातल्या योगायोगाचा हिशेब देतो. उरलेले ९४ जण या सहांसारखेच आहेत का, याबद्दल त्यात काहीही नसतं. माझं सगळं काम त्या ९४ लोकांपाशी सुरू होतं.

आम्ही करतो काय? जनगणनेवरून देशात स्त्रिया किती, तरुण किती, पदवीधर किती, कोणत्या वंशाचे किती, कोणत्या भागात किती हे माहीत असतं. नमुन्यात पदवीधर जास्त आले (ते येतातच, फोनवर बोलायला आणि फॉर्म भरायला त्यांना आवडतं) तर त्यांचं प्रत्येक उत्तर एकाहून कमी धरायचं, आणि पदवी नसलेल्याचं एकाहून जास्त. याला वेटिंग म्हणतात. यात लबाडी काही नाही, याच्याशिवाय आजचं एकही सर्वेक्षण उभं राहू शकत नाही. पण यात निर्णय माणसाचे असतात. २०१६ मध्ये अनेक राज्यांतल्या सर्वेक्षणांनी शिक्षणानुसार वेटिंग केलंच नव्हतं. पदवी नसलेले गोरे मतदार ट्रम्प यांच्याकडे वळले होते, आणि नेमके तेच नमुन्यात कमी होते. उलट टोकही आहे. त्याच वर्षी लॉस एंजेलिस टाइम्स आणि एका विद्यापीठाच्या सर्वेक्षणात इलिनॉयमधल्या एका तरुणाच्या उत्तराला सरासरीच्या जवळपास ३० पट वजन मिळालं होतं, कारण त्याच्या गटातले उत्तरदाते जवळजवळ नव्हतेच. तो सर्वेक्षणात असला की त्याच्या गटाचा सगळा कौल फिरायचा, नसला की पुन्हा जागेवर.

एकदा आमच्याकडच्या एका फाइलमध्ये दोन विभागांचे कोड एकमेकांच्या जागी बसले. पसंतीचा आकडा आदल्या फेरीपेक्षा ४ टक्क्यांनी खाली आला. चूक सापडून दुरुस्त होईपर्यंत पलीकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, माणसांनी त्या घसरणीची तीन कारणं लिहूनही काढली होती, आणि ती वाचताना अगदी पटण्याजोगी होती. तेव्हापासून कुठल्याही हालचालीमागचं कारण वाचण्याआधी मी हालचाल खरी आहे का ते पाहते. तूही तसंच कर.

आता ४१ आणि ४६. दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघांनी एकच गोष्ट मोजलेली नसते. एकाने ‘प्रौढांना’ विचारलं असेल, दुसऱ्याने ‘नोंदणीकृत मतदारांना’, तिसऱ्याने ‘मत देण्याची शक्यता असलेल्यांना’. तुझंच उदाहरण घे. नागरिकत्व मिळण्याआधी तुला कुणी फोन केला असता तर पहिल्या प्रकारात तुझं मत धरलं गेलं असतं, दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. शिवाय अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीलासुद्धा तिघांतला एक पात्र मतदार घरी बसतो. रासमुसेनसारखी संस्था शक्यता असलेल्या मतदारांवर चालते आणि तिचे आकडे वर्षानुवर्षं रिपब्लिकन अध्यक्षांना इतरांपेक्षा वरचे येतात. मग कुणी ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठळक दाखवतं, कुणी दाखवतच नाही. कुणी आधी महागाईवर पाच प्रश्न विचारतं आणि मग अध्यक्षांबद्दल. तोवर माणसाचं डोकं किराणा मालाच्या बिलाने तापलेलं असतं. या सगळ्यामुळे प्रत्येक संस्थेचा एक कायमचा कल बनतो. म्हणून एका संस्थेच्या आजच्या आकड्याची तुलना दुसरीच्या कालच्या आकड्याशी कधीही करायची नाही. बातम्यांत मात्र रोज हेच चालतं: ‘गेल्या आठवड्यात ४६, आज ४१, मोठी घसरण’. घसरण वगैरे काही झालेली नसते, नुसती संस्था बदललेली असते.

ऑनलाइन पॅनेलांबद्दल जरा थांबून सांगते, कारण हल्ली निम्म्याहून जास्त आकडे तिथूनच येतात. दोन प्रकार आहेत. एकात पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात, टपालाने बोलावतात, आणि मग तीच माणसं ऑनलाइन उत्तरं देतात. प्यूचं पॅनेल तसं आहे. खर्चिक असतं, पण पाया पक्का. दुसऱ्यात ज्याला वाटेल तो नाव नोंदवतो आणि थोड्या पैशांसाठी किंवा पॉइंट्ससाठी फॉर्म भरतो. अशा खुल्या पॅनेलवर प्यूने एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. असे लोक न वाचता क्लिक करत असतात, आणि त्यांचा कल ‘हो’, ‘पसंत आहे’ याकडे असतो. अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असू दे. म्हणजे ॲप्रूव्हलच्या प्रश्नात ही घाण दोन्ही बाजूंना सारखी पडून आपोआप निघून जात नाही, ती एकाच पारड्यात साचते. चांगल्या संस्था असे लोक गाळतात. आमच्या रोजच्या कामाचा मोठा भाग तोच आहे: दहा मिनिटांचा फॉर्म दीड मिनिटात भरणारे शोधायचे, सगळीकडे एकच पर्याय टिक मारणारे शोधायचे. तरी सगळे सापडतात असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ॲप्रूव्हलचा प्रश्न गॅलप यांच्या संस्थेने १९३०च्या दशकाच्या शेवटी विचारायला सुरुवात केली आणि ट्रुमन यांच्या काळापासून तो जवळपास एकाच शब्दांत विचारला गेला: अध्यक्ष आपलं काम ज्या पद्धतीने हाताळताहेत ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत? या मालिकेची खरी श्रीमंती त्या न बदललेल्या शब्दांत आहे. आणि त्या मालिकेने खऱ्या गोष्टी टिपल्या आहेत, हे मी मनापासून सांगते. सप्टेंबर २००१ च्या पहिल्या आठवड्यानंतर धाकट्या बुश यांना ५१ टक्के होते. ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, काही दिवसांत ते ८६ झाले, त्याच महिन्यात ९०. त्यानंतर वर्षामागून वर्षं उतरत, इराक युद्ध, कॅटरिना चक्रीवादळ आणि आर्थिक कोसळण्यातून जात २००८च्या शरदात २५. निक्सन १९७३च्या जानेवारीत व्हिएतनाम करारानंतर ६७ वर होते, वॉटरगेट घोटाळ्याने ऑगस्ट १९७४ पर्यंत २४ वर आणले. ट्रुमन १९४५ मध्ये ८७, कोरियाच्या युद्धात १९५२ साली २२. चाळीस ते पासष्ट टक्क्यांच्या या हालचाली वेटिंगच्या चुकीतून निघत नाहीत. संकट आलं की लोक अध्यक्षांमागे एकवटतात, ही गोष्ट राज्यशास्त्राचे अभ्यासक जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये याच मालिकेवरून मांडली. ते एकवटणं टिकत नाही हेही मालिकेतच दिसतं. थोरले बुश आखाती युद्धानंतर १९९१ च्या वसंतात ८९ वर होते, आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात हरले.

पण ती जुनी फूटपट्टी आता वेगळ्या जमिनीवर ठेवलेली आहे. आयझेनहॉवर रिपब्लिकन, तरी त्यांच्या काळात सरासरी जवळजवळ निम्म्या डेमोक्रॅट लोकांना त्यांचं काम पसंत होतं. आज विरोधी पक्षातले दहा टक्केसुद्धा मिळाले तरी खूप. स्वपक्षातले ऐंशी-नव्वद टक्के मात्र घट्ट. त्यामुळे आकडा एका अरुंद पट्ट्यात अडकला आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत गॅलपच्या मोजणीत तो ३४ ते ४९ मध्येच राहिला, ५० ला एकदाही शिवला नाही. बायडेन ५७ वर सुरू झाले, अफगाणिस्तानातून माघारीनंतर २०२१ च्या सप्टेंबरात ४३ वर आले, आणि पुन्हा पन्नाशीला पोहोचलेच नाहीत.

याचा सर्वेक्षणावर होणारा परिणाम मी तुला साध्या हिशेबाने दाखवते. समज, रिपब्लिकनांपैकी ९० टक्के एका रिपब्लिकन अध्यक्षाला पसंत करतात, डेमोक्रॅटांपैकी ५ टक्के. आता नमुन्यात डेमोक्रॅट तीन टक्के कमी आणि रिपब्लिकन तीन टक्के जास्त आले. देशात एकाही माणसाचं मत बदललेलं नाही, तरी आकडा अडीच टक्क्यांनी वर जातो. आज ॲप्रूव्हलचा आकडा हा बराचसा ‘नमुन्यात कोण किती आले’ याचाच आकडा झाला आहे. आणि कोण किती येतं हे बातम्यांवर ठरतं. आपल्या नेत्याचा आठवडा वाईट गेला की त्याच्या पाठीराख्यांना राजकारणावर बोलावंसं वाटत नाही, फोन ठेवून देतात. २०१२ च्या निवडणुकीच्या वेळी संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी एक्सबॉक्सवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या मोठ्या पॅनेलवर हे तपासलं. ओबामा पहिल्या वादविवादात फिके पडले, सर्वेक्षणांत घसरले. पण पक्षानुसार हिशेब जुळवल्यावर ती घसरण बरीचशी नाहीशी झाली. मतं फारशी बदलली नव्हती, उत्तर देणारे बदलले होते. म्हणून एखाद्या भाषणानंतर, खटल्यानंतर, वादानंतर दोन दिवसांत आलेला दोन-तीन टक्क्यांचा चढउतार मी सरळ सोडून देते.

मग वेटिंगमध्ये पक्ष किंवा मागच्या वेळचं मत धरावं का? बऱ्याच संस्था आता मागचं मत धरतात. त्याने आकडा स्थिर होतो. पण लोक मागचं मत चुकीचं आठवतात, विजेत्यालाच दिलं होतं असं सांगणारे थोडे जास्त निघतात. शिवाय ज्यांनी मतच दिलं नव्हतं त्यांचं काय? माझं मत, धरावं, पण तसं जाहीर करून. २०२० ची ठेच मोठी होती. अमेरिकन सर्वेक्षणकारांच्या संघटनेने स्वतःच तपासून सांगितलं की राष्ट्रीय सर्वेक्षणांतली दोन उमेदवारांमधल्या अंतराची चूक चाळीस वर्षांत सर्वांत मोठी, सरासरी ४.५ टक्के होती. शिक्षणाचं वेटिंग करूनही. बहुधा ट्रम्प यांचे काही समर्थक सर्वेक्षणालाच उभे करत नव्हते.

इथे ॲप्रूव्हलचा एक कच्चा दुवा आहे. निवडणुकीच्या सर्वेक्षणाला निकालाचा दिवस असतो. आपल्याकडे ४ जून २०२४ ला एक्झिट पोल कसे उघडे पडले ते तू पाहिलंसच, साडेतीनशे-चारशेचे अंदाज आणि प्रत्यक्षात एनडीएला २९३ जागा. ॲप्रूव्हलची पेटी कधीच उघडत नाही. ४१ बरोबर की ४६, हे ठरवणारी मोजणी अस्तित्वात नाही. एकच जवळचा ताळा आहे. अध्यक्ष दुसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा निवडणुकीआधीचा शेवटचा आकडा आणि मिळालेली मतं शेजारी ठेवायची. गॅलपचे आकडे घेतले तर १९८० मध्ये कार्टर ३७ वर होते, मतं ४१ टक्के. थोरले बुश १९९२ मध्ये ३४, मतं ३७. धाकटे बुश २००४ मध्ये ४८, मतं ५१च्या जरा खाली. ओबामा २०१२ मध्ये ५२, मतं ५१. ट्रम्प २०२० मध्ये ४६, मतं ४७च्या जरा खाली. ही जुळणी माझ्या मते या सगळ्या धंद्याच्या बाजूने दिलेली सर्वांत चांगली साक्ष आहे. चार टक्क्यांच्या आत सगळे. सर्वांत ठळक अपवाद ट्रुमन: १९४८ च्या उन्हाळ्यात चाळिशीच्या आसपास होते आणि नोव्हेंबरात जिंकले. पण मधल्या चार-पाच महिन्यांत त्यांची नवी मोजणीच झाली नव्हती, त्यामुळे तो दोष मी आकड्याला देत नाही.

मात्र ‘नापसंत’ म्हणजे ‘विरोधात मत’ असं समजू नकोस. मध्यावधी निवडणुकीत (अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर तिथल्या संसदेसाठी होते ती) हे उघड होतं. २०१० मध्ये ओबामा ४५ वर, त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा गमावल्या. २०१८ मध्ये ट्रम्प ४० वर, ४० जागा गेल्या. २०२२ मध्ये बायडेनही ४० वरच होते, गेल्या फक्त नऊ. बायडेन यांचं काम ‘थोडंसं नापसंत’ म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी त्यांच्याच पक्षाला मत दिलं होतं. वैताग एका गोष्टीचा, मत दुसऱ्या गोष्टीवर. उलटं उदाहरण क्लिंटन यांचं. डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग लावला आणि त्याच सुमाराला त्यांचा आकडा कारकिर्दीतला सर्वोच्च, ७३. लोक त्यांच्या वागण्यावर खूश नव्हते. काम कसं चाललंय असं विचारलं होतं, तेवढ्याचंच उत्तर त्यांनी दिलं. म्हणून ‘जोरदार नापसंत’ आणि ‘थोडंसं नापसंत’ वेगळे दिलेले असतील तर आधी ते बघ. एकूण आकड्यापेक्षा त्यात जास्त कळतं.

तू आणखी एक चित्र पाठवलं होतंस, ‘भारतीय-अमेरिकनांमध्ये अध्यक्षांची लोकप्रियता वाढली’ असं. कुठल्या सर्वेक्षणावरून ते पाहिलं. हजार माणसांचं साधं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक साधारण पन्नास लाख, म्हणजे दीड टक्का. हजारात पंधरा माणसं. पंधरांच्या आकड्याची चूक २५ टक्के इकडे-तिकडे. त्यात मराठी किती, तर बहुधा एक, नाहीतर शून्य. भारतीयांचं मत कळायला वेगळा, फक्त त्यांचाच नमुना लागतो. कार्नेगी संस्थेने २०२० मध्ये तसा केला होता, नऊशेहून अधिक भारतीय-अमेरिकन नागरिकांचा. तसा नमुना नसेल तर अशी चित्रं पुढे पाठवू नकोस.

आणि आपल्या घरच्या ग्रुपवर मामा दर काही महिन्यांनी टाकतो ते मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेचं जागतिक नेत्यांचं कोष्टक, मोदींना सत्तरच्या वर आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना चाळिशीत. ते खोटं नाही. पण भारतातला नमुना ऑनलाइन आहे, आणि तो साक्षर लोकांचं प्रतिनिधित्व करतो असं ती संस्थाच सांगते. मेळघाटातली निरक्षर बाई त्यात नाही. भारताचा आकडा भारताच्या मागच्या आकड्याशी ताडता येईल. दोन देश शेजारी मांडून क्रमांक लावणं मला पटत नाही.

तर माझं स्वतःचं वाचणं असं असतं. एकच संस्था किंवा एकच सरासरी धरते आणि तिच्याच मागच्या तीन-चार महिन्यांकडे पाहते. सरासरीही कोण काढतं ते बघते. रिअलक्लिअरपॉलिटिक्स ही वेबसाइट आलेल्या आकड्यांची सरळ सरासरी काढते, बाकीचे बरेच जण आधी प्रत्येक संस्थेचा कल वजा करतात. अशीच सरासरी काढणारं फाइव्हथर्टीएट मार्च २०२५ मध्ये बंद झालं, त्याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांचा हिशेब उघडा असायचा. आकडा दोन टक्क्यांनी हलला तर काही झालं नाही असं धरते. दोन-तीन महिन्यांत पाच टक्के, आणि तेही निरनिराळ्या पद्धतींनी काम करणाऱ्या चार संस्थांमध्ये एकाच दिशेने, तर काहीतरी खरोखर घडतंय असं मानते. मग अपक्ष म्हणवणाऱ्यांचा आकडा उघडते, कारण हालचाल बहुतेक वेळा तिथेच असते. कुणाला विचारलं, प्रश्नाचे शब्द, तारखा, वेटिंग कशावर केलं हे ज्याने छापलेलं नाही, त्याचा आकडा मी वाचतच नाही. तुझ्या ४१ आणि ४६ बद्दल विचारशील तर ‘चाळिशीच्या पहिल्या अर्ध्यात’ एवढंच मी म्हणेन, आणि त्याहून बारीक कुणी सांगत असेल तर त्याला कसं कळलं ते विचारेन.

तू शेवटी लिहिलंस की तुलाही अनोळखी नंबरवरून ‘सर्व्हे आहे’ असे फोन येतात आणि तू कट करतेस. पुढच्या वेळी उचल. आधी संस्थेचं नाव विचार, वेबसाइटवर शोध, आणि कुणी सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचा तपशील किंवा पैसे मागितले तर लगेच ठेव, कारण खरा सर्वेक्षणवाला यातलं काहीही मागत नाही. बाकी पंधरा मिनिटं दे. तिशीतली, स्थलांतरित, न्यू जर्सीतली बाई आमच्या फायलींत इतकी कमी असते, की तू बोलली नाहीस तर तुझ्या वाट्याचं वजन आम्हाला दुसऱ्याच कुणाच्या उत्तरावर चढवावं लागतं.